जागा आणि ऋण

लालबागेत सकाळी फिरावयास येणाऱ्या पेन्शनर मंडळींचे एक कोंडाळे आहे. होळकरांच्या जुन्या राजवाड्याला वळसा घालून झाला की ही मंडळी कट्ट्यावर टेकतात आणि गुडघेदुखीपासून जागतिक राजकारणापर्यंत सर्व विषयांचा निकाल लावून मगच घरी चहाला जातात. आम्हीही त्यांतलेच एक. मिलान व कोर्तिना येथील २०२६ चे हिवाळी ऑलिंपिक तोंडावर आले होते, तेव्हाची ही गोष्ट. आमच्या एका स्नेह्यांची नात चाकांच्या स्केटवर सराव करते. तिने घरी सांगितलेली हकिगत त्यांनी आम्हांला ऐकवली. डिआना स्टेलाटो-डूडेक नावाच्या एक बाई आहेत. त्या बर्फावर जोडीने फिगर स्केटिंग करतात. तरुणपणी दुखापतीमुळे त्यांनी खेळ सोडला, तो पंधरा वर्षे सोडला. २०१६ साली त्या पुन्हा बर्फावर उतरल्या आणि २०२४ साली मॉन्ट्रियल येथे, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, आपल्या जोडीदारासह जगज्जेत्या झाल्या. ऑलिंपिकमध्ये उतरता यावे म्हणून त्यांनी कॅनडाचे नागरिकत्वही घेतले. आता बेचाळिसाव्या वर्षी त्यांचे कसे होईल, याची त्या मुलीला मोठी काळजी लागली होती.

कट्ट्यावर लगेच दोन पक्ष पडले. एक गृहस्थ म्हणाले, "चाळिशी उलटली, पुष्कळ झाले. आता तरुणांना वाट द्यावी." दुसरे उसळून म्हणाले, "अहो, आपल्या सी. के. नायडूंना कोणी वाट द्यावयास सांगितले होते काय?" इंदुरात हा मुद्दा निघाला की वाद तेथेच संपतो. नायडू १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटी सामन्याचे कप्तान झाले तेच मुळी छत्तिसाव्या वर्षी. होळकर संघाचे नेतृत्व त्यांनी पन्नाशी उलटल्यावरही केले आणि साठी ओलांडल्यावर, १९५६-५७ च्या मोसमात, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. अशा माणसाचे नाव घेतल्यावर वयाची भाषा कोण बोलणार?

आम्ही त्या दिवशी गप्प राहिलो. घरी आल्यावर मात्र वाटू लागले की, दोघेही गृहस्थ वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत होते. वय झालेल्या खेळाडूला यश मिळेल काय, हा एक प्रश्न. त्याला जागा द्यावी काय, हा दुसरा. आणि आजवर त्याने जे दिले त्याचे आपण काय देणे लागतो, हा तिसरा. ऑलिंपिकचे वर्ष आले की हे तिन्ही प्रश्न एकाच पिशवीत कोंबले जातात आणि मग हाताला येईल ते उत्तर बाहेर काढले जाते.

याचे उदाहरण शोधण्यास दूर जावे लागत नाही. आमच्या लालबागेपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर महूची छावणी आहे. तेथे ७ जुलै १९३३ रोजी शंकर लक्ष्मण यांचा जन्म झाला. ते १९४७ साली लष्करात मराठा लाइट इन्फंट्रीमध्ये बँडवाले म्हणून दाखल झाले. लहानपणी त्यांचा खेळ फुटबॉलचा, पण पलटणीत हॉकीची काठी हाती आली आणि ते गोलरक्षक झाले. त्या काळच्या गोलरक्षकाची कल्पना आजच्या वाचकांना यावयाची नाही. डोक्यावर शिरस्त्राण नाही, तोंडावर जाळी नाही, छातीला कवच नाही. पायांना पॅड बांधावयाचे आणि तो कठीण चेंडू अंगावर घ्यावयाचा, एवढाच व्यवहार. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने एकही गोल स्वीकारला नाही व अंतिम सामन्यात पाकिस्तानला १-० असे हरविले. १९६० साली रोम येथे त्याच पाकिस्तानकडून ०-१ असा पराभव झाला आणि सुवर्णपदक प्रथमच हातचे गेले. १९६४ साली टोकियोला ते परत मिळाले, पुन्हा १-० असेच. तिन्ही वेळा संघात शंकर लक्ष्मण होते. एका गोलाने जिंकलेल्या सामन्यात गोलरक्षकाचा वाटा किती, हे हिशेब करून सांगावयास नको. पुढे ते भारताचे कप्तान झाले. गोलरक्षकाला कप्तान करावयाची तेव्हा रीत नव्हती. त्यांच्या नेतृत्वाखाली १९६६ साली बँकॉकच्या आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळविले. अर्जुन पुरस्कार झाला, पद्मश्री झाली.

मग १९६८ चे ऑलिंपिकचे वर्ष उजाडले. शंकर लक्ष्मण पस्तीस वर्षांचे होत होते. मेक्सिकोला जाणाऱ्या संघात त्यांचे नाव नव्हते. त्यांनी हॉकी सोडली, ती कायमची.

आता येथे आमच्या दुसऱ्या स्नेह्यांसारखे उसळणे सोपे आहे. भारत मेक्सिकोला पहिलाच सामना न्यूझीलंडशी १-२ असा हरला, उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाशी पुन्हा १-२ असा हरला व कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. १९२८ पासून अंतिम सामना किंवा सुवर्णपदक चुकले नव्हते, ते तेव्हा चुकले. म्हणजे निवड करणारे चुकले, असे म्हणून मोकळे होता येते. परंतु हा न्याय नव्हे. पराभवाला कारणे पुष्कळ असतात. त्या वर्षी संघाला दोन जोडकप्तान नेमले होते, ही गोष्ट तर जगजाहीर आहे. आणि आणखी एक माणूस आहे, ज्याची आठवण सहसा कोणी काढत नाही. १९६४ च्या टोकियोच्या संघात राजेंद्र क्रिस्टी नावाचे दुसरे गोलरक्षक होते. गोल सांभाळण्याचे काम शंकर लक्ष्मण यांचे असल्यामुळे दुसऱ्याच्या वाट्याला मुख्यतः वाट पाहणेच यावयाचे. १९६८ साली मेक्सिकोला गेलेल्या गोलरक्षकांत क्रिस्टी होते. ज्येष्ठांवर अन्याय झाला असे म्हणताना, बाकावर चार वर्षे काढलेल्या या माणसाचाही काही हक्क होता, हे आम्ही विसरतो. गोलाच्या चौकटीत उभे राहावयास जागा एकच असते.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण बर्फावरचेच आहे. रशियाचा येव्गेनी प्लुशेन्को हा फिगर स्केटिंगमधील अव्वल नावांपैकी एक. २००२ साली रौप्य, २००६ साली सुवर्ण, २०१० साली पुन्हा रौप्य. २०१४ चे ऑलिंपिक त्याच्याच देशात, सोची येथे होते. तेव्हा तो एकतीस वर्षांचा होता व त्याच्या पाठीवर शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुषांच्या स्पर्धेत रशियाला एकच जागा होती. राष्ट्रीय स्पर्धेत अठरा वर्षांच्या मॅक्सिम कोव्ह्तूनने त्याला हरविले होते. पण युरोपीय स्पर्धेत कोव्ह्तून पाचवा आला, आणि बंद दाराआड प्लुशेन्कोची चाचणी घेऊन जागा त्याला देण्यात आली. सांघिक स्पर्धेत तो उत्तम खेळला, रशियाला सुवर्णपदक मिळाले. चारच दिवसांनी वैयक्तिक स्पर्धेच्या सरावातच पाठीत कळ आली आणि नाव पुकारल्यावर त्याने पंचांकडे जाऊन माघार घेतली. जागा रिकामी राहिली. कोव्ह्तूनला पुढे ऑलिंपिकचा बर्फ कधीच लाभला नाही.

प्लुशेन्कोला दोष देणारे पुष्कळ झाले. आम्हांला तेवढे धैर्य होत नाही. एक तर सांघिक पदकात त्याचा वाटा खरा होता. दुसरे असे की, रशियाला एकच जागा उरली त्याला आदल्या वर्षी जागतिक स्पर्धेत कोव्ह्तून सतरावा आला हेच कारण होते. म्हणजे त्या मुलाचा हक्कही अगदी निर्मळ नव्हता. तरीदेखील एक गोष्ट मनाला टोचते. ती चाचणी बंद दाराआड झाली. ती उघड्यावर, दोघांना शेजारी उभे करून झाली असती, तर निकाल कदाचित हाच लागला असता, पण तो मुलगा घरी जाताना काय घेऊन जातो यात फरक पडला असता.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांची गोष्ट येथे आठवते, कारण तीत हा काटा नाही. म्युनिच येथे २०१० साली त्या पन्नास मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. पण महिलांसाठी तो प्रकार ऑलिंपिकमध्ये नाही. म्हणून जगज्जेतेपद घरात असूनही ऑलिंपिकचे दार बंदच. त्यांनी तीन अवस्थांचा प्रकार धरला, २०१९ साली दोहा येथे ऑलिंपिकची जागा मिळविली. मग साथीमुळे टोकियोचे ऑलिंपिकच एक वर्ष पुढे गेले, आणि २०२१ साली, चाळिसाव्या वर्षी, त्या प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरल्या. क्रमांक आला तेहतिसावा. वर्तमानपत्रांच्या दृष्टीने हे अपयशच. परंतु त्यांना कोणी दया म्हणून पाठविले नव्हते, की जुन्या पदकाची परतफेड म्हणून पाठविले नव्हते. कागदावरचे भोक वय विचारीत नाही. जेथे माप उघडे असते तेथे हरणेही स्वच्छ असते.

गोलरक्षकाला, गायकाला, शिक्षकाला असे कागदावरचे माप नसते. तेथे माणसांनी माणसांस तोलावयाचे असते, आणि तेथेच आमचा गोंधळ होतो. एखाद्याचे उपकार डोक्यावर असले म्हणजे आपण ते जागा देऊन फेडू पाहतो. जागा ही आपली नाणी नव्हेत. ती ज्याची आहे त्याच्या खिशातून काढून आपण आपले ऋण फेडतो, आणि वर उदार म्हणवून घेतो. याच्या उलट, जागा देणे योग्य नाही असे ठरले, की ऋणही त्याबरोबर मिटले असे आपण समजतो. शंकर लक्ष्मण यांच्या बाबतीत पहिली चूक झाली नाही असे घटकाभर मानू. निवड करणाऱ्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे योग्य गोलरक्षक निवडले. मग दुसऱ्या हिशेबाचे काय? ते १९७९ साली मराठा लाइट इन्फंट्रीतून कप्तान म्हणून निवृत्त झाले आणि महूला राहिले. अखेरच्या काळात पैशांची ओढाताण होती, पायाला गँगरीन झाले, आणि २९ एप्रिल २००६ रोजी ते महूलाच वारले. ज्या पायांनी चेंडू अडविले त्यांतलाच एक पाय सडला. १९६८ साली त्यांना मेक्सिकोला न पाठविण्यात कदाचित अन्याय नसेल. नंतरची अडतीस वर्षे त्यांच्याकडे पाठ फिरविण्यात होता. आणि त्या वर्षांत इंदुरात राहणाऱ्या आम्हांपैकी कितीजण महूला जाऊन त्यांना भेटले? आम्ही गेलो नाही.

मोशेची गोष्ट आपणा सर्वांस ठाऊक आहे. त्याने चाळीस वर्षे लोकांना रानातून चालविले व त्याला स्वतःला त्या देशात पाऊल टाकता आले नाही. ही गोष्ट कठोर वाटते, आणि ती सौम्य करण्याची आमची इच्छा नाही. त्याची दृष्टी व शक्ती शाबूत होती, असे शास्त्रात मुद्दाम नमूद आहे. म्हणजे वय झाले ही सबब तेथे नव्हती. पण एक तपशील आम्हांला अलीकडे फार महत्त्वाचा वाटू लागला आहे. यहोशवाची नेमणूक मोशेच्या पाठीमागे झाली नाही. मोशेने स्वतः, सर्व मंडळीदेखत, त्याच्या डोक्यावर हात ठेवले. ज्याची जागा जावयाची होती त्याच्याच हाताने ती दिली गेली, आणि लोकांनी ते पाहिले.

हे लिहिताना आमच्या हातून घडलेली एक गोष्ट डोळ्यांपुढे येते. काही वर्षांपूर्वी आम्ही एका मंडळीच्या कमिटीवर होतो. तेथे एक वृद्ध बंधू तीस-पस्तीस वर्षे उपासनेत पेटी वाजवीत. त्यांची बोटे अडखळू लागली होती, गायन मागे पडे, आणि एक तरुण भगिनी, जिचा हात खरोखर चांगला होता, तीन वर्षे मागच्या बाकावर बसून होती. नाताळच्या कार्यक्रमाला तिने वाजवावे असे ठरले. ठरले ते योग्यच ठरले. आजही आम्ही तसेच ठरवू. पण त्या वृद्ध बंधूंना सांगावयाचे कोणी, हे मात्र ठरले नाही. प्रत्येकाला वाटले दुसरा सांगेल. नाताळच्या आदल्या रविवारी छापील कार्यक्रम वाटला गेला, तेव्हा त्यांनी चष्मा लावून तो वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि प्रार्थना झाल्यावर नेहमीप्रमाणे पेटीवर कापड पांघरून ते घरी गेले. कोणाला एक शब्द बोलले नाहीत. त्या तरुण भगिनीला नंतर कितीतरी दिवस आपण कोणाची तरी वस्तू चोरली असे वाटत होते, हे तिने आम्हांला पुढे सांगितले. जागा योग्य हाती गेली, आणि ज्याची गेली व जिला मिळाली, दोघेही दुखावले.

कमिटीत कोणी दुष्ट नव्हते. आम्हांला कटू बोलावयाचे नव्हते, एवढेच. अप्रिय गोष्ट सांगण्यासाठी समोर बसावे लागते, आणि समोर बसले की त्या पस्तीस वर्षांविषयीही काही बोलणे भाग पडते. ते बोलावयास आम्हांपाशी शब्द नव्हते असे नाही. उभे राहून चार माणसांदेखत, "आता आपण हिला शिकवा, पेटी हिच्या हाती द्या," एवढे म्हटले असते तरी पुरले असते.

त्या स्नेह्यांच्या नातीने परवा लालबागेच्या फाटकाशी आम्हांला गाठले. तिला विचारावयाचे होते की, कॅनडाच्या त्या बाईंनी पंधरा वर्षांनी परत यावयास नको होते, असे आजोबांचे मित्र म्हणतात ते खरे काय. आम्ही तिला सांगितले की, परत यावयास कोणाची हरकत नाही. बर्फ सर्वांना सारखाच निसरडा. आपल्या गुणांवर जागा मिळत असेल तर बेचाळिसाव्या वर्षी काय, बासष्टाव्या वर्षी घ्यावी. तिने विचारले, "आणि नाही मिळाली तर?" आम्ही म्हटले, त्याचे उत्तर त्या बाईंनी द्यावयाचे नाही. तिला ते फारसे कळले नसावे, कारण ती स्केटचे पट्टे आवळत होती.

ते पेटीवाले बंधू हयात आहेत. उपासनेला येतात, तिसऱ्या बाकावर बसतात, आणि गायन सुरू झाले की त्यांची बोटे पुढल्या बाकाच्या पाठीवर हलतात. त्यांचे घर आमच्या सकाळच्या वाटेपासून फार लांब नाही. येत्या आठवड्यात आम्ही त्या भगिनीला बरोबर घेऊन तेथे जाणार आहो. तिने स्वतःच येऊ का म्हणून विचारले.