सात जणांची जमात, दहांची अट

अलिबागजवळ नवगावला बेने इस्रायल या कोकणातल्या यहुदी जमातीचं जुनं कब्रस्तान आहे. जमातीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, की या किनाऱ्यावर गलबत फुटलं, बहुतेक प्रवासी बुडाले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना त्यांनी इथेच मूठमाती दिली. हे केव्हा घडलं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. पण कथेतल्या आकड्यातच एक धार्मिक पेच आहे. यहुदी सामुदायिक प्रार्थनेला किमान 10 प्रौढ पुरुष लागतात. या गणसंख्येला मिन्यान म्हणतात. ती भरली नाही तर मृतांसाठीची कद्दीश ही प्रार्थना म्हणता येत नाही, तोरा या धर्मग्रंथाची गुंडाळी उघडून जाहीर वाचन करता येत नाही. आजच्या नियमाने पाहिलं, तर कोकणातल्या या जमातीचे मूळपुरुष जमात म्हणवून घ्यायला तिघांनी कमी पडतात.

दहाचा आकडा आला तरी कुठून? कनान देश हेरायला इस्रायलींचा नेता मोशे याने 12 जण पाठवले. त्यातल्या 10 जणांनी परत येऊन लोकांचं अवसान घालवलं. शास्त्रात त्या दहांना उद्देशून ‘मंडळी’ असा उल्लेख येतो आणि तालमूद या धर्मनियमांच्या ग्रंथातल्या रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, गणसंख्या ठरवली ती त्यावरून. म्हणजे माप घेतलं ते दहा कच्च्या दिलाच्या माणसांचं! मिन्यानला सज्जनांची गरज नाही. दहा जण हजर असले की झालं.

कोकणात मात्र कित्येक शतकं याच्या उलटं चाललं. डॅनिश मिशनमधल्या सार्टोरियसने 1738 मध्ये लिहिलं, की या लोकांकडे पवित्र ग्रंथ नाही, त्यांना फक्त ‘शेमा’ ही प्रार्थना येते. सिनेगॉग म्हणजे प्रार्थनागृह नव्हतं, रब्बी नव्हते. उरलं होतं ते घरातलं: आठव्या दिवशी मुलाची सुंता, शनिवारची सुटी, खाण्यापिण्याचे निर्बंध. तेल गाळणाऱ्या या कुटुंबांचा घाणा शनिवारी बंद असे, म्हणून गावाने त्यांना शनिवार तेली म्हटलं. यातल्या कशालाच गुंडाळी लागत नाही आणि दहा पुरुषही लागत नाहीत. एकट्या घरालाही पाळता येईल, तेवढंच टिकलं.

पुढे दावीद राहबी नावाचा यहुदी गृहस्थ कोकणात आला. त्याच्या काळाबद्दलही वाद आहेत. हे लोक खरोखर यहुदी आहेत का, याची त्याने घेतलेली परीक्षा जमातीत प्रसिद्ध आहे. त्याने बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवून रांधायला सांगितलं. त्यांनी पर आणि खवले असलेली तेवढी घेतली, बाकीची बाजूला सारली. कोळंबी आणि खेकड्यांच्या मुलखात राहून बायकांनी हा नियम पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला होता. राहबीची खात्री पटली. मग त्याने झिराडकर, शापूरकर आणि राजपूरकर या घराण्यांतल्या तिघांना धर्मविधी शिकवले. त्यांना काजी म्हणू लागले.

सिनेगॉग आलं ते त्यानंतर. टिपूच्या कैदेतून सुटलेल्या सॅम्युएल एझकिएल दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत पहिलं बांधलं. कोकणात रेवदंड्याला 1842, अलिबागच्या इस्रायल आळीत 1848, पनवेलला 1849, पेणला 1863. मुंबईत 1880 च्या सुमारास अब्राहाम, योसेफ आणि मोशेच्या आख्यानांवर मराठी कीर्तनं रंगू लागली. मंगलप्रसंगी एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा होई, आजही होतो: भिजवलेल्या पोह्यांत गूळ, ओलं खोबरं, वेलची, सुका मेवा, ताटात फळं आणि फूल, वर हिब्रू प्रार्थना.

इस्रायलची स्थापना 1948 ची. त्यानंतर आळ्या ओस पडत गेल्या. तिथे गेलेल्यांपुढे राहबीचाच प्रश्न नव्याने आला. शतकानुशतकं घटस्फोट व विवाहाचे धर्मनियम ठाऊक नसलेल्यांचा वंश निःशंक कसा मानायचा, असं म्हणत काही रब्बी त्यांची इतर यहुद्यांशी लग्नं लावायला कचरत. बेने इस्रायलांनी जेरुसलेममध्ये धरणं धरलं. अखेर 1964 मध्ये इस्रायली संसदेने त्यांना सर्वार्थाने यहुदी म्हटलं. माशांवरून जे पटलं होतं, त्यासाठी इथे ठराव लागला.

इकडे कोकणात आता सिनेगॉग आहे, गुंडाळीही आहे, पण दहा पुरुष जमवणं अवघड. अलिबागला मोजकीच कुटुंबं उरली आहेत. सणाला मुंबई-ठाण्याकडची मंडळी आली, तर मिन्यान भरतं. एरवी शुक्रवारी संध्याकाळी घरात शब्बाथचा, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाचा, दिवा लागतो आणि शेमा म्हटली जाते. कद्दीशला मात्र बाहेरून माणसं यावी लागतात.

इथे ती मासळी निवडणारी बाई आठवते. जिच्यामुळे जमातीची ओळख पटली, तिला परंपरेने दहांत कधी धरलंच नाही. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने 1973 मध्ये स्त्रियांना मिन्यानमध्ये धरायला मुभा दिली. सनातनी परंपरेला ते मान्य नाही. दिल्लीच्या ज्यूडा हायम सिनेगॉगमध्ये मात्र, प्रार्थना चालवणारे बेने इस्रायल एझकिएल मळेकर यांनी स्त्रियांनाही मोजायचं ठरवलं. त्या हिशेबाने नवगावला पोचलेल्यांची संख्या होते 14, गरजेपेक्षा चार जास्त.