रुळणे

एखादी वस्तू नवी असते, निर्दोष असते, तरीही अडखळते. आणि तीच वस्तू, तिचा एकही भाग न बदलता, काही काळाने सहज चालू लागते. या दोन अवस्थांच्या मध्ये जे घडते त्याला आपण रुळणे म्हणतो. पिंपळगाव राजासारख्या शेतकरी गावात खंडेनवमीला विळ्या-कोयत्यापासून परवान्याच्या बंदुकीपर्यंत सर्व आयुधांना हळदकुंकू लागते. म्हणून आज वस्तूच्या आणि साधकाच्या मनाच्याही रुळण्याचा अर्थ एका आयुधाच्याच आधाराने उलगडू.

ते आयुध म्हणजे 12 बोअरची अर्धस्वयंचलित बंदूक. जॉन ब्राउनिंग यांनी आखलेली आणि 1902 पासून बेल्जियममध्ये बनू लागलेली बंदूक ही या जातीतली मोठ्या प्रमाणावर घडलेली पहिली. हिच्यात माणूस केवळ खटका ओढतो. रिकामी पुंगळी बाहेर टाकणे आणि पुढचे काडतूस नळीत चढवणे ही कामे काडतुसातलीच शक्ती करते. काही बंदुकांत ती शक्ती नळीच्या छिद्रातून आलेल्या वायूने दट्ट्या ढकलते, तर काहींत धक्क्याने बंदूक मागे सरकते तेव्हा क्षणभर जागीच राहणारा बोल्ट आतली स्प्रिंग दाबतो. शक्ती परकी नाही, आतलीच आहे, आणि मोजकी आहे. रुळण्याचे सारे मर्म या मोजकेपणात आहे.

कारण नव्या बंदुकीत धातूचे पृष्ठभाग एकमेकांना अनोळखी असतात, त्यांवर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, स्प्रिंग ताठ असते, आणि गंजू नये म्हणून कारखान्याने चोपडलेले दाट तेल सांध्यासांध्यात बसलेले असते. मग मोजकी शक्ती या विरोधातच खर्ची पडते, बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी दारातच अडकते. अधीर मनुष्य तिला सदोष ठरवतो, कानस हाती घेतो, स्प्रिंग कापायला निघतो. तसे करू नये. जे घर्षणाने हळूहळू झिजायचे ते कानशीने कापले तर रुळणे घडत नाही, केवळ हानी घडते.

पहिली कृती त्यागाची: बंदूक रिकामी असल्याची खात्री करून ती उघडावी, ते दाट तेल पुसून काढावे आणि पातळ तेलाचा अगदी हलका हात फिरवावा. जे कालपर्यंत रक्षण करत होते तेच आज वाट अडवते, हे साधकाने नीट न्याहाळावे. पतंजलींनी योगसूत्रांत अभ्यासाबरोबर वैराग्य सांगितले आहे ते याचसाठी, असे मला वाटते. संचित पुसल्यावाचून रुळणे सुरूच होत नाही.

दुसरी कृती क्रमाची, आणि माझे मन इथेच अधिक रमते. नेमबाजीच्या मैदानावर आरंभी जड काडतुसे वापरावीत, 32 ते 36 ग्रॅम छर्ऱ्यांची, अर्थात त्या बंदुकीला मान्य असलेलीच. त्यांचा भरघोस धक्का बोल्टला शेवटपर्यंत नेतो, आणि वारंवार गेल्याने वाट गुळगुळीत होते. मग हळूहळू 24 ग्रॅमच्या हलक्या काडतुसांकडे यावे. नवखा साधकही आधी टाळमृदंगाच्या गजरात, मोठ्या आवाजात नाम घेतो, कारण त्याच्या मनाचा विरोध तेवढा प्रबळ असतो; गजर हा कमीपणा नव्हे, ते आरंभीचे बळ आहे. पण गजर थांबताच नामही थांबत असेल, तर मन अजून रुळलेले नाही.

तिसरी गोष्ट आदराची. पतंजली अभ्यासाला तीन अटी घालतात: दीर्घ काळ, अखंडता आणि सत्कार. पहिल्या दोन सर्वांच्या ध्यानात राहतात, सत्कार मात्र निसटतो. बंदुकीच्या बाबतीत सत्कार म्हणजे प्रत्येक सरावानंतर काजळी पुसणे, झिजेच्या चकाकत्या रेषा पाहणे, आणि कुठे घर्षण एकाच बाजूला होते आहे हे ओळखणे. तशी झीज दिसली, किंवा अनेक सरावांनंतरही पुंगळी अडकत राहिली, तर तो रुळण्याचा प्रश्न उरत नाही. बंदूक जाणत्या कारागिराकडे द्यावी. आणि ज्यांच्या घरी नवी बंदूक आली आहे त्यांनी हलक्या काडतुसांवर ती न अडखळता चालते हे मैदानावर पुन्हा पुन्हा पाहिल्याशिवाय तिच्यावर विसंबू नये.