हबवरचा गंज

अमेरिकेत मिशिगनकडे हिवाळा सरला, की बऱ्याच घरांसमोर गाड्या जॅकवर चढलेल्या दिसतात. ब्रेकच्या चकत्या बदलायच्या असतात. गॅरेजची मजुरी महाग, म्हणून लोक हे काम घरीच करतात. चाक निघतं, चकतीला चिमटणारा कॅलिपर निघतो, चकती मात्र जागची हलत नाही. बर्फ वितळावं म्हणून तिथे रस्त्यांवर मीठ पसरतात. तिथल्या डेट्रॉइट शहराच्या तर पोटातच मिठाची मोठी खाण आहे. खारं पाणी चकती आणि ती ज्यावर बसते त्या हबच्या फटीत शिरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे फट गच्च भरते. आपल्या कोकण किनाऱ्यावर पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीलाही हा त्रास होतो.

चकती सोडवण्याची रीत तशी साधी आहे. गाडी नुसत्या जॅकच्या भरवशावर ठेवायची नाही, खाली स्टँड लावायचे. काम मागच्या चाकाचं असेल तर हँडब्रेक सैल सोडायचा. कॅलिपर ब्रेकच्या नळीवर लोंबकळू द्यायचा नाही. चकती धरून ठेवणारा छोटा स्क्रू असला तर आधी तो काढायचा, फटीत गंज सोडवणारं तेल घालायचं आणि मुरू द्यायचं. मग एकाच जागी दणके न घालता, चकती फिरवत चहूबाजूंनी ठोकायचं. बऱ्याच चकत्यांना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत बोल्ट घालून इकडे अर्धा फेरा, तिकडे अर्धा फेरा, असं आवळत गेलं की चकती पुढे सरकते आणि खाडकन सुटते.

मला मोल वाटतं ते त्याच्या पुढच्या दहा मिनिटांचं. हात काळे झालेले असतात, पाठ भरून आलेली असते आणि नवी चकचकीत चकती खोक्यात वाट पाहत असते. ती लगेच बसवावीशी वाटते. बसतेही. पण हबवर गंजाचा थर राहिला, तर ती किंचित तिरकी बसते. बऱ्याच गाड्यांना ०.०५ मिलिमीटरहून जास्त तिरकेपणा चालत नाही, म्हणजे केसाच्या जाडीइतकाही नाही. पहिल्या दिवशी काही कळत नाही. काही हजार किलोमीटरनंतर चकती कुठे जास्त, कुठे कमी झिजते आणि ब्रेक दाबला की पायाखाली थरथर येते. माणूस म्हणतो, चकतीच खराब निघाली. म्हणून चांगला कारागीर तारेचा ब्रश घेऊन हब घासत बसतो. बोल्टांच्या मुळाशी, कडेच्या खाचेत, खालचा धातू उजळेपर्यंत. शेवटी मधल्या कडेला वंगणाचं नुसतं बोट फिरवतो, पुढे कधी कुणाला ही चकती काढावी लागली तर त्याला सोपं जावं म्हणून. चाक चढल्यावर यातलं काहीच दिसत नाही. मला ही माणसं फार आवडतात.

आपणही दिवसभर एका कामावर दुसरं काम बसवत असतो. ऑफिसातला वैताग तसाच ठेवून संध्याकाळी मुलीचं गणित घ्यायला बसतो. तिचं उत्तर चुकलं की आवाज चढतो, आणि वाटतं, हिचंच लक्ष नाही. बाहेरून आल्यावर हातपाय धुवायची रीत आपल्या घरांत आहेच. तेवढ्या वेळात साहेबांचं बोलणंही मनावरून उतरवून ठेवता येतं. सकाळीही तसंच. काल रात्री घरात कुणाशी तुटक बोललो असू, तर डबा भरता भरता दोन शब्द नीट बोलून घ्यावेत. एखाद्याला उत्तर द्यायचं राहिलं असेल, तर बसमध्ये चढण्याआधी दोन ओळी पाठवाव्यात. मग आजचं पहिलं काम हातात घ्यावं.