मागे राहते ती पुंगळी

गोळीबाराच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं: घटनास्थळी रिकाम्या पुंगळ्या सापडल्या. आपण ते वाचून पुढे सरकतो. गोळी कुठे लागली, कुणाला लागली, याचीच आपल्याला घाई. पुंगळी रिकामी, म्हणजे आपल्या लेखी निकामी.

सांताक्रूझजवळ कलिन्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत मात्र तिला मोठा मान. बंदुकीच्या पिनेनं तिच्या बुडाला पाडलेला खळगा, तिला ओढून काढणाऱ्या आकड्याचा ओरखडा, हे सूक्ष्मदर्शकाखाली जुळवून ती कुठल्या हत्यारातून झाडली गेली हे शोधतात. गोळी पुष्कळदा भिंतीवर आपटून चेपलेली मिळते; पुंगळी बहुधा शाबूत असते.

तिचं खरं काम त्याआधीचं. घोडा दाबून धरला की मिनिटाला 600च्या आसपास गोळ्या झाडणारी रायफल घ्या. एका गोळीच्या वाट्याला सेकंदाचा दहावा हिस्सा. दारू पेटताच पुंगळी फुगते आणि कुकरच्या रिंगेसारखी घट्ट बसून वायू मागे येऊ देत नाही. पण तशीच चिकटून राहिली, तर पुढचं काडतूस आत शिरणार कसं? दाब उतरताच तिनं अंग चोरून सुटलं पाहिजे. ही दोन्ही कामं 70 भाग तांबं आणि 30 भाग जस्ताचं पितळ उत्तम करतं. स्वयंचलित शस्त्राची सगळी ऐट या फुगण्या-आवरण्यावर उभी आहे, आणि कौतुक मात्र नळीचं आणि गोळीच्या टोकाचं!

पितळाची चकती दाबून आधी वाटी करतात, मग ती टप्प्याटप्प्यानं ओढून लांबवतात. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत अशा पितळी वाट्या होतात. वरणगावच्या फॅक्टरीत 5.56 मिलिमीटरची काडतुसं तयार होतात. प्रत्येक ओढीला धातू कडक होत जातो, म्हणून मध्ये तापवून त्याला मऊ करावं लागतं. तरी शेवटच्या ओढीचा थोडा ताण आत उरतोच, आणि वरून काहीच दिसत नाही.

इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या छावण्यांमध्ये पावसाळ्यात काडतुसं तबेल्यांत ठेवली जात. पाऊस सरल्यावर पाहावं तर पुंगळ्या तडकलेल्या. ना कुणी आपटल्या, ना झाडल्या. या रोगाला सीझन क्रॅकिंग असं नाव पडलं. 1921मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन यांनी उलगडा केला: घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा आणि ओढताना पितळात राहून गेलेला ताण, तिन्ही एकत्र आले की तडा. मला यात विशेष वाटतं ते हे, की त्यांनी तबेल्याला दोष देऊन विषय संपवला नाही. अमोनिया टाळावा हे खरंच. पण कोठाराची हवा काही कारखानदाराच्या हातात नसते, धातू असतो. म्हणून पुंगळी बाहेर पाठवण्यापूर्वी मंद आचेवर तापवून आतला ताण उतरवायचा, आणि तोही बेतानं, कारण जास्त आच लागली तर बूड मऊ पडतं आणि पहिल्याच बारात दगा देतं.