मालकी कोणाची, अंकुश कोणाचा?



शेत कोणाचे? या एका प्रश्नावर राजकीय विचारसरणींच्या वाटा वेगळ्या होतात.

उदारमतवादी जॉन लॉक म्हणाला, माणूस ज्यात श्रम घालतो ते त्याचे. त्या मालमत्तेचे रक्षण हे राज्याचे मुख्य काम. पण आपल्याकडे ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या श्रम घातले, त्यांच्या नावावर सातबारा चढला नाही. अशा समाजात राज्याने हात आखडला की भूमिहीनाच्या वाट्याला स्वातंत्र्य नव्हे, मालकाची हुकमत येते.

मार्क्सवाद म्हणाला, उत्पादनाची साधने समाजाच्या मालकीची करा. रशियात स्टालिनने १९२९ पासून सामुदायिक शेती सक्तीने लादली. १९३२-३३ च्या दुष्काळात लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. जमीनदार गेला, पण सत्तेला जाब विचारणारा कोणी उरला नाही.

बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात निराळी वाट दाखविली. मूलभूत उद्योग, विमा व शेतजमीन राज्याकडे असावी; मालकांना मोबदला रोख्यांच्या रूपाने द्यावा; गावकऱ्यांनी जातिधर्माचा भेद न करता जमीन सामुदायिकपणे कसावी. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूरही नको. हे सारे हुकूमशहाच्या लहरीने नव्हे, तर संविधानात लिहून, लोकशाही शाबूत ठेवून व्हावे. ती योजना संविधानात आली नाही. पुढे १९५६ साली आयुर्विम्याचे आणि १९६९ साली चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. शेती मात्र त्या वाटेने गेली नाही.

मग धम्माचे येथे काय काम? नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला बाबासाहेबांनी बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना केली. शोषण दोघांनाही नको. पण मार्ग वेगळे. बळजबरीने उभे केलेले बळ ओसरल्यावर टिकेल काय, हा त्यांचा सवाल होता. १९९१ साली सोव्हिएत संघ विसर्जित झाला.

तथागतांनी भिक्खूला आठच वस्तू ठेवू दिल्या: तीन चीवरे, कमरपट्टा, भिक्षापात्र, वस्तरा, सुई आणि पाणी गाळण्याचे फडके. गृहस्थाला मात्र संपत्ती वर्ज्य केली नाही. सिगालोवाद सुत्तात कमाईचे चार भाग सांगितले आहेत: एक उपभोगाला, दोन व्यवसायाला, एक अडीअडचणीला. राज्यकर्त्यालाही त्यांनी मोकळे सोडले नाही. कूटदंत सुत्तात राजाने शेतकऱ्याला बी-बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि राजसेवकाला वेतन द्यावे असे आहे. दरिद्री माणसाला धन न दिल्यामुळे चोरी आणि हत्या कशा वाढल्या, हे चक्कवत्तिसीहनाद सुत्तात आहे.

म्हणून कोणताही पक्ष आपल्या दारी आला तर तीन प्रश्न विचारा. कसणाऱ्याच्या हाती काय येणार? सत्तेला जाब विचारता येणार का? आणि धाक उठल्यावरही हे टिकावे म्हणून माणसाच्या मनातली तृष्णा कमी करायला तुम्ही काय करणार? पहिली दोन उत्तरे कायद्याने मिळतील. तिसरे शीलानेच मिळेल, आणि त्याची सुरुवात आपल्या घरापासून करावी लागेल.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.