गिलावा आणि न्यायाचे माप

भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरी करणाऱ्याचे अर्धे आयुष्य सेक्टरमधील क्वार्टरमध्ये जाते. निवृत्तीनंतर ते क्वार्टर सोडावे लागते आणि भविष्यनिर्वाह निधीचा मोठा हिस्सा स्वतःच्या घराच्या विटा-सिमेंटमध्ये जातो. रात्रपाळ्या करून मिळवलेल्या पैशाच्या त्या भिंतीवर भेग दिसली, की घरमालकाच्या काळजालाच भेग पडते.

आमच्या मंडळीतील अशाच एका निवृत्त बंधूंनी मे महिन्यात नव्या घराला गिलावा करून घेतला. थोड्याच दिवसांत भिंतींवर केसासारख्या बारीक भेगा उमटल्या. त्यांनी गवंड्याची शेवटची रक्कम अडवून धरली आणि निवाडा करण्यासाठी मला बोलावले. खरे सांगायचे तर तेथे पोहोचण्यापूर्वीच माझा निवाडा झाला होता. बंधू आमचे, आमच्या भाषेचे, रविवारी एका बाकावर बसणारे; गवंडी दुर्गकडच्या खेड्यातला, मजुरांच्या चावडीवरून आणलेला. पक्षपाताला पाप म्हणणारा याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय त्याच दिवसांत माझ्या मेजावर अनुवादासाठी उघडा होता. तरीही मी पक्ष घेऊनच घरातून निघालो होतो.

घरमालकाने गिलावा करणाऱ्याकडून न्यायाने काय अपेक्षावे? प्रश्न साधा दिसतो. पण त्यात शेजाऱ्यावरील प्रीतीची परीक्षा आहे.

काही अपेक्षा निश्चितच रास्त आहेत. विटांचे सांधे खरवडलेले असावेत, काँक्रीटच्या तुळईला टाचे मारलेले असावेत, भिंत आधी भिजवलेली असावी. आतील भिंतीला साधारणतः एक भाग सिमेंटला सहा भाग चाळलेली वाळू आणि बारा ते पंधरा मिलिमीटर जाडी, हे सर्वमान्य प्रमाण आहे. कालवलेला माल अर्ध्या तासाच्या आत वापरावा. घट्ट होऊ लागलेल्या मालात पुन्हा पाणी घालून तो थापणे ही लबाडी होय. पृष्ठभाग ओळंब्यात व पट्टीत असावा. पुढे टकटक केल्यावर जेथे भिंत बद्द वाजेल, तेथील गिलावा तेवढा काढून गवंड्याने स्वखर्चाने नवा करून द्यावा.

परंतु काही अपेक्षा अन्यायाच्या आहेत. वाकडी बांधलेली भिंत केवळ गिलाव्याने सरळ व्हावी, हाताने केलेले काम आरशासारखे गुळगुळीत दिसावे, आणि एकही बारीक रेघ कधी उमटू नये, असे कोणताही प्रामाणिक गवंडी वचन देऊ शकत नाही. सिमेंट वाळताना आकसते. त्याला किमान सात दिवस पाणी मिळाले पाहिजे. भट्टीतील मळी मिसळलेले सिमेंट आमच्या भागात पुष्कळ वापरले जाते. त्याला बळ हळूहळू येते, म्हणून पाणी अधिक दिवस लागते. मे महिन्याच्या उन्हात ते तोडले, तर भेगांचा दोष कोणाचा?

यहेज्केलाच्या तेराव्या अध्यायात खोट्या संदेष्ट्यांची तुलना गिलावा करणाऱ्यांशी केली आहे. लोक कच्ची भिंत उभारतात आणि हे तिच्यावर लेप देतात. त्या लेपासाठी मूळ इब्रीत ‘ताफेल’ हा शब्द आहे. ईयोबाच्या सहाव्या अध्यायात हाच शब्द बेचव, अळणी अन्नासाठी येतो. अनुवादकाला हा शब्द फार अडवतो; पण त्याचा रोख स्पष्ट आहे. दिसायला लेप, आत सत्त्व नाही. तेथील ठपका ओबडधोबडपणावर नसून झाकण्यावर आहे. म्हणून गवंड्याकडून मागण्याची पहिली गोष्ट सफाईदारपणा नव्हे. जे काम उद्या कोणाच्याही डोळ्यांना दिसणार नाही, ते सचोटीने केलेले असणे, ही होय.

लेवीयाच्या चौदाव्या अध्यायात घराच्या भिंतीवर चट्टा पडल्यास काय करावे हे सांगितले आहे. याजक प्रथम पाहतो, सात दिवस थांबतो, पुन्हा पाहतो. मग दूषित दगड काढून, भिंत खरवडून, नवा गिलावा करतात. चट्टा पुन्हा उठला, तरच घर पाडतात. तो विधी शुद्धतेचा आहे, बांधकामाचा नव्हे. तथापि त्यातील संयम आपण शिकण्याजोगा आहे. पाहणी आधी, निकाल नंतर, आणि दोष असेल तेवढाच काढायचा.

आम्ही तसेच केले. लाकडी दांडीने एकेक भिंत वाजवून पाहिली. दोन ठिकाणी, तुळईखाली, भिंत बद्द वाजली. गवंड्याने मान खाली घालून कबूल केले की शेवटच्या संध्याकाळी घाईत तेथे टाचे मारायचे राहिले. मग तो हळूच म्हणाला, “बाबूजी, पाणी मारायला मी रोज सांगत होतो.” बंधू गप्प झाले. बोअरचे पाणी आटले होते आणि टँकरचा खर्च नको म्हणून तिसऱ्या दिवसानंतर भिंतींना पाणी मिळालेच नव्हते.

तेवढ्यात माझे लक्ष फाटकाकडे गेले. घमेली वाहणाऱ्या दोन रेजा तेथे सावलीत बसल्या होत्या. अडवलेल्या रकमेत त्यांची चार दिवसांची मजुरी होती. बारीक रेघांचा जाब आम्ही त्यांच्या चुलीकडून वसूल करीत होतो. मजुराचे वेतन सूर्यास्तापूर्वी द्यावे, असे अनुवाद २४:१५ मध्ये सांगितले आहे, कारण त्याचा जीव त्यात गुंतलेला असतो. याकोब तर म्हणतो की अडकवलेली मजुरी स्वतःच ओरडते.

घरबांधणी ही सेवा आहे आणि तिच्यातील उणिवेबद्दल ग्राहक दाद मागू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ साली लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात मान्य केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ते आहे. हा हक्क योग्यच आहे. पण मजुरी बुडाली तर चावडीवरच्या रेजाला न्यायालयाची पायरी चढणे किती कठीण असते! ज्याच्या हाती पैसा राहतो, त्याच्याच हाती निवाडाही राहतो. म्हणून ख्रिस्ती घरमालकाने स्वतःवर अधिक कडक नियम लावावा. प्रमाण, दर, पाणी कोणी मारायचे आणि कामाची परीक्षा होईपर्यंत किती रक्कम मागे ठेवायची, हे काम सुरू होण्यापूर्वी ठरवावे. रोजंदारीच्या मजुरीला मात्र कधीही हात लावू नये.

त्याच संध्याकाळी बंधूंनी रेजांची मजुरी दिली. दुसऱ्या दिवशी गवंड्याने ते दोन भाग काढून नवे केले आणि उरलेली रक्कम घेतली. भेगा अजून आहेत. रंगकामाच्या वेळी लांबी भरली की त्या झाकल्या जातील.

२ राजे १२:१५ मध्ये एक लहानशी नोंद आहे. मंदिराच्या दुरुस्तीसाठी कारागिरांना देण्याचा पैसा ज्यांच्या हाती सोपवला जाई, त्यांच्याकडून हिशेब मागत नसत, कारण ती माणसे सचोटीने वागत. असा विश्वास मागून मिळत नाही. एकाने झाकलेले काम नीट करावे आणि दुसऱ्याने ठरलेला पैसा वेळेवर द्यावा, तेव्हा तो दोघांच्या मध्ये उभा राहतो. वाचक बंधुभगिनींनो, गवंड्याच्या कामाला ओळंबा लावण्याचा आपल्याला अधिकार आहे. तोच ओळंबा आपल्या व्यवहारालाही लावण्याची कृपा प्रभू आपल्याला देवो.