वॉशिंग्टनांचं आडनाव

सकाळच्या पेपरात 'वॉशिंग्टन' हे नाव बहुतेक रोज कुठंतरी दिसतं. बातमीच्या सुरुवातीला, ठळक अक्षरांत. आपण ते शहर म्हणून वाचतो आणि पुढं जातो. शहराआधी तो एक माणूस होता, हे शाळेत शिकलेलं असतं. माणसाआधी ते एक खेडं होतं, हे सहसा कुणी सांगत नाही.

खेडं इंग्लंडच्या उत्तरेला, डरहॅम परगण्यातलं. बाराव्या शतकात विल्यम नावाच्या एका जमीनदाराकडं हार्टबर्नची जमीन होती, म्हणून तो हार्टबर्नचा विल्यम. डरहॅमच्या बिशपशी त्यानं अदलाबदल केली. हार्टबर्न दिलं, वेसिंग्टन, म्हणजे हेच खेडं, घेतलं. 1183 सालच्या बिशपच्या दप्तरात ही नोंद सापडते. जमीन बदलली, तसं नावही बदललं. आपल्याकडं गावाला 'कर' जोडून आडनाव होतं, त्यातलाच प्रकार. पण आडनाव तेव्हा अजून माणसाला चिकटलं नव्हतं. सातबाऱ्यासारखं ते जमिनीबरोबर फिरत होतं.

पुढं उलटं झालं. वंशजांनी गाव सोडलं आणि नाव ठेवलं. लँकेशायर, मग नॉर्थॅम्प्टनशायर, मग एसेक्स. 1657 च्या सुमारास जॉन वॉशिंग्टन जहाजानं व्हर्जिनियाला पोचला आणि तिथंच राहिला. जॉर्ज हा त्याचा पणतू.

जॉर्जला मूलबाळ झालं नाही. तो 1799 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या माउंट व्हर्नन मळ्यावर 317 गुलाम होते. त्यांपैकी 123 त्याच्या स्वतःच्या मालकीचे. त्यांच्या सुटकेची तरतूद त्यानं मृत्युपत्रात केली होती. त्याच्या गुलामांतला हॅरी मात्र तेवढा थांबला नाही. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत तो या मळ्यावरून पळाला आणि ब्रिटिशांना जाऊन मिळाला. 1783 मध्ये ब्रिटिशांबरोबर न्यूयॉर्क सोडणाऱ्या कृष्णवर्णीयांची यादी झाली, तीत तो हॅरी वॉशिंग्टन आहे. ज्याच्या हातून सुटला त्याचंच आडनाव घेऊन तो नोव्हा स्कोशियाला गेला, आणि तिथून आफ्रिकेत, सिएरा लिओनला.

1865 मध्ये अमेरिकेतली गुलामगिरी संपली. सुटलेल्या अनेकांना दोन गोष्टी लगेच कराव्याशा वाटल्या. थोडे दिवस तरी मळ्याबाहेर जाऊन राहायचं, आणि मालकाचं आडनाव टाकायचं. त्याच सुमारास बुकर नावाचा एक मुलगा शाळेत जाऊन बसला. हजेरी सुरू झाली. इतर मुलांना दोन-दोन नावं आहेत, काहींना तर तीन, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याला एकच होतं. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं शांतपणे सांगून टाकलं, बुकर वॉशिंग्टन. त्याच्या सावत्र वडिलांचं पहिलं नाव वॉशिंग्टन होतं. मुलानं ते उचललं आणि आडनावाच्या जागी ठेवलं. शिक्षकांनी लिहून घेतलं. एवढंच घडलं.

'एक होता कार्व्हर' वाचलेल्यांना हा बुकर चांगला ठाऊक आहे. कार्व्हरला टस्कीगीच्या संस्थेत बोलावून घेणारा तोच. खुद्द कार्व्हरचं आडनाव मात्र मालकाचंच.

विल्यमला नाव जमिनीनं दिलं. जॉर्जला बापानं दिलं. बुकरनं ते मागितलं नाही, घेतलं. या तिघांत वॉशिंग्टन हे आडनाव खरं कुणाचं, असं कुणी विचारलं, तर मी बुकरचं म्हणेन.

2000 सालच्या जनगणनेत अमेरिकेत हे आडनाव लावणारे सुमारे 1 लाख 63 हजार लोक होते. त्यांतले दहांपैकी नऊ कृष्णवर्णीय.